पुढच्या ट्रकने उजवा इंडिकेटर दिला तर पास समजायचा की थांबायचं?

कृष्णाकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. हेवी लायसन्स नुकतंच हातात आलंय. सहा चाकी गाडी, कराड–चिपळूण लाइन, म्हणजे कुंभार्ली घाट आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे बराचसा दोन पदरी रस्ता. मध्ये डिव्हायडर नाही. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये इंडिकेटर म्हणजे वळण एवढंच शिकवतात. रस्त्यावर मात्र ट्रकवाल्यांची आपापसात वेगळी भाषा चालते आणि ती प्रत्येक जण वेगळी सांगतो. म्हणून जाणकारांना विचारतो:

पुढच्या ट्रकने उजवा इंडिकेटर दिला की काही जण म्हणतात "रस्ता मोकळा आहे, ये", काही म्हणतात "समोरून गाडी येतेय, थांब". खरं काय? डावा दिला तर?

रात्री साइड (ओव्हरटेकसाठी वाट) मागायची बरोबर पद्धत कोणती? किती वेळा डिपर (हाय बीमची झटकन झलक) मारायचा, किती लांबून?

आणि मला कोणी ओव्हरटेक करत असेल तर मी नेमकं काय करायचं? नुसतं डावीकडे दाबायचं, की हात, डिपर, इंडिकेटर असं काही द्यायचं?

गाडीवर हेल्पर असणार आहे. त्याच्याकडून काय काम घ्यायचं तेही सांगा.

आरसा_बघा

भाऊ, आधी सरळ उत्तर. उजव्या इंडिकेटरला पास समजू नका. डाव्यालाही समजू नका. दोन्ही सवयी एकाच रस्त्यावर आहेत. कुंभार्लीत तुमच्या पुढे आज कराडची गाडी असेल, उद्या राजस्थानची, परवा तमिळनाडूची, आणि तिघांचा एकाच दिव्याचा अर्थ वेगळा असू शकतो. मागून तुम्हाला फक्त पिवळा दिवा दिसतो, ड्रायव्हरच्या डोक्यात काय आहे ते दिसत नाही.

उजवा इंडिकेटर लागलेला दिसला तर त्यामागे इतकी कारणं असू शकतात:

– त्याला खरंच उजवीकडे वळायचंय. पंप, ढाबा, गावाचा फाटा, शेताचा रस्ता. इथे जीव जातात, कारण मागचा पास समजून उजवीकडून घुसतो आणि ट्रक त्याच्यावर वळतो.
– त्याच्यापुढे ट्रॅक्टर किंवा रिक्षा आहे आणि तो स्वतःच बाहेर निघणार आहे.
– तो तुम्हाला "ये" म्हणतोय.
– तो तुम्हाला "समोरून गाडी आहे, बाहेर येऊ नको" म्हणतोय.
– रात्रीची वेळ आहे आणि समोरच्या गाडीला आपल्या हौद्याची उजवी कड कळावी म्हणून त्याने दिवा लावलाय. ही सवय बऱ्याच जुन्या ड्रायव्हरांची आहे.
– मागच्या वळणानंतर बंद करायचा राहिलाय. जुन्या गाडीत स्टेअरिंग सरळ झाल्यावर दांडी आपोआप परत येतेच असं नाही, आणि टिकटिक आवाज इंजिनाखाली दबतो.

सहापैकी एकच अर्थ तुमच्या सोयीचा आहे. म्हणून दिव्याकडे नाही, गाडीकडे बघायचं. काय बघायचं ते सांगतो.

पुढच्या ट्रकची मागची चाकं मधल्या पट्टीपासून किती लांब आहेत? साइड देणारा माणूस गाडी डावीकडे नेतो, डावं चाक पांढऱ्या कडेच्या पट्टीला लागतं. चाकं मधल्या पट्टीकडे सरकत असतील तर तो बाहेर येतोय किंवा वळतोय, इंडिकेटर काहीही असो.

ब्रेकलाइट लागलाय का? उजवा इंडिकेटर आणि ब्रेकलाइट एकत्र दिसले की ते वळणच धरायचं. साइड देणारा ब्रेक मारत नाही, फक्त रेस सोडतो.

त्याच्या उजवीकडे रस्त्याला काय आहे? कच्चा रस्ता, पंपाचा बोर्ड, ढाब्यावर उभ्या गाड्या, उजवीकडे वळणाचा बाण दिसला तर मागेच राहायचं.

दिवा किती वेळ चालला? दोन-तीन वेळा लुकलुकून बंद झाला तर तो बहुतेक तुमच्यासाठी निरोप होता. सलग चालू राहिला तर वळण, विसर किंवा रात्रीची कड. पण यावर एकट्यावर विसंबून बाहेर पडायचं नाही.

हे सगळं दिसण्यासाठी मागे राहावं लागतं, आणि नवीन माणूस नेमका इथेच चुकतो. साइड हवी म्हणून तो पुढच्याच्या फाळक्याला चिकटतो. चिकटलात की तुम्हाला समोरचं काही दिसत नाही आणि त्यालाही तुम्ही आरशात दिसत नाही. त्याचे आरसे तुम्हाला दिसत नसतील तर तुम्ही त्याच्यासाठी रस्त्यावर नाहीच. ६० च्या वेगाला तीन सेकंदांचं अंतर म्हणजे ५० मीटर ठेवा. तेवढ्यावरून थोडं उजवीकडे सरकलात तरी पुढचा रस्ता उघडतो. उलट उजव्या वळणावर डावीकडे राहून त्याच्या डाव्या बाजूने पुढचं दिसतं, तेही बघून घ्यायचं.

आता अंतराचा हिशोब, कारण डोळा इथे फसवतो. तुमची गाडी १० मीटर, पुढचा ट्रक १२ मीटर, निघताना २० मीटर मागे आणि परत आत येताना २० मीटर पुढे. म्हणजे त्याच्यापेक्षा ६२ मीटर जास्त चालायचंय. तो ५० ने जातोय, तुम्ही ६० ने. फरक ताशी १० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २.८ मीटर. वेळ लागतो सुमारे २२ सेकंद. तेवढ्यात तुम्ही ३७० मीटर गेलात आणि समोरून ८० ने येणारी गाडी ४९० मीटर आली. म्हणजे निघताना साधारण ८६० मीटर रस्ता मोकळा दिसला पाहिजे. हायवेला किलोमीटरच्या दोन दगडांमध्ये दर २०० मीटरला छोटा दगड असतो. असे चार दगड ओलांडून पुढचं दिसत नसेल तर वेगातला फरक १० असताना निघायचंच नाही. फरक २० असेल तर वेळ ११ सेकंदांवर येतो आणि लागणारा रस्ता सव्वाचारशे-साडेचारशे मीटरवर. म्हणून लोड गाडीने चढाला ओव्हरटेक करू नका, तिथे दोघांच्या वेगात फरकच राहत नाही. पुढच्याच्या बरोबरीला येऊन लटकता आणि मागेही जाता येत नाही.

पुढच्याने हात केला, दिवा दिला, काहीही दिलं तरी तो काय सांगतो? त्याला त्याच्या काचेतून या क्षणाला जे दिसतंय ते. तुम्ही त्याच्या बरोबरीला पोचेपर्यंत दहा सेकंद गेलेले असतात.

जुना_परवाना

वरच्या उत्तरात कायद्याची बाजू जोडतो, कारण हा गोंधळ आला कुठून तेही त्यात आहे.

१९८९ च्या रस्ता नियमांत असं कलम होतं की पुढच्या चालकाने ओव्हरटेक करायची खूण दिली नसेल तर मागच्याने करू नये. म्हणजे पुढच्याने पास देणं हा तेव्हा नियमाचाच भाग होता. त्यासाठी खूणही ठरलेली होती: उजवा हात खिडकीबाहेर आडवा काढून पुढे-मागे अर्धवर्तुळात हलवायचा. इंडिकेटरचा त्यात संबंध नव्हता. पुढे केबिन बंद झाल्या, काच वर, पंखा किंवा एसी चालू, हात बाहेर काढायची सवय गेली, आणि हाताचं काम दिव्यावर ढकललं गेलं. पण दिव्याला कायद्याने दिलेला अर्थ वळण किंवा बाजू बदलणं हाच राहिला. त्यामुळे एकाच दिव्यावर दोन कामं आली.

हाताच्या बाकीच्या खुणा विसरू नका, दिवा गेल्यावर याच कामाला येतात. वेग कमी करताना उजवा हात बाहेर, तळवा खाली, वर-खाली. थांबताना उजवा हात कोपरात वर उभा, तळवा उजवीकडे. उजवीकडे वळताना हात आडवा सरळ, तळवा पुढे. डावीकडे वळताना हात आडवा काढून घड्याळाच्या उलट दिशेने गोल फिरवायचा.

१९८९ च्या नियमांच्या जागी २०१७ चे ड्रायव्हिंग रेग्युलेशन्स आले. एक गोष्ट मात्र दोन्हीकडे आहे: तुम्हाला कोणी ओव्हरटेक करत असेल तर वेग वाढवायचा नाही आणि आडवं यायचं नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियमाविरुद्ध ओव्हरटेक करणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये, म्हणजे धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये, स्पष्ट लिहिलंय. "पुढच्याने दिवा दिला होता" हे सांगून त्यातून सुटका होत नाही.

आणि फाळक्यावरच्या ‘हॉर्न ओके प्लीज’बद्दल. महाराष्ट्रात २०१५ मध्ये परिवहन खात्याने ते लिहायला बंदी केली, कारण त्यामुळे विनाकारण हॉर्न वाजवायला प्रोत्साहन मिळतं. नवीन गाडीवर रंगवून घेऊ नका.

कृष्णाकाठ

खूप उपयोगाचं आहे हे, दोघांचे आभार. म्हणजे मागच्याला मी इंडिकेटरने काहीच सांगायचं नाही, बरोबर? मग मागून बस किंवा रिकामा ट्रक जोरात येतोय आणि त्याला जाऊ द्यायचंय तर करायचं काय? रात्रीचंही राहिलं.

बारा_टायर

बरोबर समजलात. उजवा इंडिकेटर देऊन कोणालाही बोलवू नका. तुमचा दिवा बघून मागून येणारा पहिला ट्रक थांबेल आणि त्याच्या मागची मोटारसायकल घुसेल, असंही होतं.

साइड द्यायची ती गाडीने द्यायची. क्रम असा ठेवा. आरशात मागची गाडी दिसली आणि पुढे रस्ता मोकळा आहे, म्हणजे वळण नाही, चढाचा माथा नाही, पूल नाही, मधली पट्टी तुटक आहे. मग हळूहळू डावीकडे सरका, डावं चाक कडेच्या पांढऱ्या पट्टीवर येईल इतकंच. साइडपट्टीवर उतरू नका. डांबर आणि मुरूम यांच्यात चार-सहा इंचांचा खाच असतो, लोड गाडीचं चाक त्यात उतरलं की स्टेअरिंग ओढतं, परत वर घेताना गाडी एकदम उजवीकडे उडी मारते आणि तिथे नेमका ओव्हरटेक करणारा असतो. पावसाळ्यात तर मुरूम भिजून खचतो आणि गाडी कलंडते.

सरकल्यावर रेसवरून पाय काढा. ब्रेक नको. ब्रेकलाइट लागला की मागचा घाबरतो, त्याला वाटतं पुढे काहीतरी आहे. पाच-सात किलोमीटरचा वेग आपोआप उतरतो आणि तेवढ्याने फार फरक पडतो. तो बाहेर निघाला की स्टेअरिंग स्थिर धरा. मोठी गाडी शेजारून जाताना हवेचा झोत आधी बाहेर ढकलतो, मग तिच्याकडे ओढतो. रिकाम्या गाडीला आणि उंच ताडपत्रीच्या गाडीला जास्त जाणवतो.

दिवसा काच खाली असेल आणि तुम्हाला स्वतःला पुढचा सगळा रस्ता स्वच्छ दिसत असेल तर हात द्या, वर सांगितलाय तसा अर्धवर्तुळात. थांबवायचं असेल तर तळवा मागे दाखवून हात स्थिर ठेवा. हलवू नका, हलणारा हात लांबून "ये" सारखाच दिसतो. शंका असेल तर हात देऊच नका. साइड न देणं चालतं, चुकीचा हात चालत नाही.

तो पुढे निघून गेला, त्याचा मागचा भाग तुमच्या बंपरपासून एक-दीड गाडी पुढे गेला की एकदा डिपर मारा. याचा अर्थ "तुझी शेपटी सुटली, आत ये". लांब ट्रेलरवाल्याला याचा खरा फायदा होतो. त्याच्या डाव्या बाजूचा एक आरसा बाहेरगोल असतो, त्यात गाडी आहे त्यापेक्षा लांब दिसते, आणि गाडी जराशी तिरकी झाली की मागचं टोक त्याला दिसतच नाही. रात्री हे करताना हाय बीम मारू नका, त्याच्या आरशातून चमक थेट डोळ्यांत जाते. लो बीमवर असाल तर हेडलाइट अर्धा सेकंदही बंद करून दाखवू नका, आपलाच रस्ता अंधारात जातो. रात्री तो आपल्या आरशावर आत येतो, येऊ द्या, तुम्ही अजून थोडे मागे राहा.

तुम्ही ओव्हरटेक करत असाल तेव्हा त्याच्या डिपरची वाट बघत उजवीकडे रेंगाळू नका. डाव्या सपाट आरशात त्याचे दोन्ही हेडलाइट आणि खालचा रस्ता दिसायला लागला, त्यावर दोन सेकंद मोजले की डावा इंडिकेटर आणि आत. त्याच्या तोंडावर कट मारू नका. लोड गाडीला तुमच्यामुळे ब्रेक लागला तर मागचा माल, ताडपत्री, रस्सा सगळं पुढे येतं.

रात्री साइड मागताना: ८०–१०० मीटरवरून डिपर दोनदा, मग थांबा. तीन-चार सेकंदांत त्याने गाडी डावीकडे घेतली नाही किंवा वेग बदलला नाही तर परत दोनदा. त्यानंतर मारत राहू नका. समजा, त्याला पुढे काहीतरी दिसतंय. ५० मीटरच्या आत गेल्यावर लो बीमवरच राहा. बाहेर निघून त्याच्या केबिनच्या बरोबरीला आलात की मग हाय बीम, आणि तोही समोर कोणी नसेल तर.

समोरून येणाऱ्याने अपर-डिपर मारला तर आपल्याकडे त्याचा अर्थ "मी येतोय, तू निघू नको" असाच घ्यायचा. "तू ये" असा कधीच नाही. तसाच डिपर पुढे अपघात, जनावरं, चेकिंग असेल तरी मारतात. अर्थ कुठलाही असला तरी तुमचं काम एकच, रेस सोडायची.

आभार मानायला एक छोटा हॉर्न किंवा खिडकीतून वर उचललेला हात. वस्ती, शाळा, दवाखाना असेल तर फक्त हात. सुरांचा आणि कर्कश प्रेशर हॉर्न केंद्रीय मोटार वाहन नियम ११९ मध्ये बसत नाही, तो बसवूच नका. शेजारून जाताना वाजला तर मोटारसायकलवाला दचकून आडवा होतो.

एक गोष्ट चौपदरीची, कारण उंब्रज-कराडकडून तुम्ही पुणे–बंगळूर हायवेलाही लागाल. स्पीड गव्हर्नर (गाडीचा कमाल वेग बांधणारं यंत्र) ८० ला असतो, डंपर-टँकरला ६० ला. दोन्ही गाड्या ८० च्या आणि एकीला दुसरीपेक्षा जेमतेम २ किलोमीटर जास्त मिळतात. १२-१२ मीटरच्या दोन गाड्या, मागे-पुढे २०-२० मीटर, म्हणजे ६४ मीटर. २ च्या फरकाने त्याला जवळजवळ दोन मिनिटं लागतात आणि अडीच किलोमीटर रस्ता दोन्ही पदर अडवून जातो. मागे बस, ॲम्ब्युलन्स, गाड्यांची रांग. डावीकडच्याने फक्त ५ ने वेग उतरवला तर फरक ७ होतो, ३३ सेकंद, ७०० मीटरच्या आसपास काम संपतं. अर्ध्या मिनिटात परत ८० ला येता. हे दोघांनाही माहीत असतं आणि तरी कोणी पाय उचलत नाही, याचा मला मनापासून राग येतो. तुम्ही उचला.

घाटमाथा

कुंभार्लीसाठी वेगळं सांगतो. तिथे वरचे बरेच नियम बदलतात.

चढणाऱ्याचा मान पहिला. रस्ता अरुंद असेल तर उतरणाऱ्याने बाजूला थांबून चढणाऱ्याला जाऊ द्यायचं, हा लिहिलेला नियम आहे आणि त्याला कारण आहे. लोड गाडी चढाला एकदा थांबली की क्लच जाळत परत उचलावी लागते, मागे सरकली तर मागच्यावर जाते. उतरणाऱ्याला थांबून निघायला काही लागत नाही.

हेअरपिन वळणाआधी हॉर्न, मग काच खाली करून दोन सेकंद कान द्या. उत्तर आलं तर आधीच जागा बघून थांबा, वळणाच्या पोटात नाही. लांब ट्रेलर वळताना त्याची मागची चाकं आतल्या बाजूला कापतात, म्हणून तो आधी बाहेर, तुमच्या बाजूला येतो. तो उजवीकडे गेलाय म्हणून डावीकडून नाक घालू नका, हौदा तुमच्यावर येईल.

उतरताना एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून वेग उतरवणारा) लावला तर बऱ्याच गाड्यांत ब्रेकलाइट लागत नाही. पुढच्याचा वेग उतरतोय आणि मागून काही कळत नाही. म्हणून घाटात अंतर वाढवा. आणि तुम्ही उतरताना मागे कोणी चिकटलं असेल तर पेडल हलकेच दाबून दिवा दाखवा, ब्रेकची हवा फुकट घालवू नका.

चारही इंडिकेटर चालू ठेवून घाट चढणारे पुष्कळ. अगदी १० च्या वेगाने रांगत असाल, धुकं असेल, तर समजू शकतो. पण ते चालू असताना उजवा-डावा इंडिकेटर दाखवता येत नाही, मागच्याला तुम्ही बाजू बदलताय ते कळणारच नाही. पाऊस पडला, बोगदा आला म्हणून लावू नका. तिथे हेडलाइट आणि टेललाइट पुरतात. हे चार दिवे बंद पडलेल्या गाडीसाठी आहेत. चालत्या गाडीवर लावलेले बघून बघून लोकांची नजर मरते आणि खरंच बंद पडलेल्या गाडीवर मागून धडकतात.

गळीत हंगामात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, कराडच्या बाजूला उसाच्या ट्रॉल्या असतात. एका ट्रॅक्टरला दोन. बऱ्याच ट्रॉल्यांना मागे दिवाच नसतो, असला तर वाढ्यांनी (उसाच्या शेंड्यांनी) झाकलेला. ट्रॅक्टरवाल्याला मागचं काहीही दिसत नाही आणि इंजिनाच्या आवाजात तुमचा हॉर्नही जात नाही. त्याच्याकडून साइडची अपेक्षा ठेवू नका, आणि दुसरी ट्रॉली खड्ड्यात हातभर झोके घेते तेवढी जागा सोडा.

वायरमन_२४

सगळे दिव्याच्या अर्थावर बोलतायत. दिवा लागतोय का, हेही बघा. नवीन ड्रायव्हरला जुनी गाडी मिळते, म्हणून लिहितो.

इंडिकेटर मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकला पाहिजे. एका बाजूला एकदम जलद चालला तर त्या बाजूचा एक बल्ब उडालाय, बहुतेक मागचा. ट्रकला २४ व्होल्टचा २१ वॉटचा बल्ब लागतो. कोणी १२ व्होल्टचा कारचा बल्ब बसवला तर क्षणभर लख्ख पेटून उडतो. एलईडी बसवून फ्लॅशर (दिवा लुकलुकवणारा रिले) जुनाच ठेवला तरी जलद चालतो, तेव्हा फ्लॅशरही एलईडीचा घ्या.

इंडिकेटर दिला की टेललाइट पण मंद लुकलुकते, किंवा ब्रेक दाबला की इंडिकेटर अर्धवट पेटतो. हा अर्थचा (चॅसिसला जोडलेल्या अर्थिंगच्या वायरचा) दोष. परत जायला वाट मिळाली नाही की करंट शेजारच्या बल्बमधून वाट काढतो. मागच्याला तुम्ही वळताय की थांबताय ते कळत नाही, म्हणजे वरची सगळी चर्चा वाया. तपासायला सोपं: वायरचं एक टोक चॅसिसच्या घासून स्वच्छ केलेल्या बोल्टला लावा, दुसरं लॅम्पच्या अर्थला टेकवा. दिवा नीट झाला तर अर्थचा बोल्ट काढा, रंग आणि गंज खरवडा, ग्रीस लावून घट्ट करा.

पुढे ट्रेलर चालवायला मिळाला तर सात पिनच्या सॉकेटमध्ये १ नंबर अर्थ, ३ डावा इंडिकेटर, ४ ब्रेक, ५ उजवा इंडिकेटर. वायरच्या रंगावर जाऊ नका, गॅरेजवाले हाताला येईल ती वायर जोडतात. नंबर सॉकेटवर कोरलेले असतात. ३ आणि ५ उलटे लागले तर गाडी उजवीकडे आणि ट्रेलर डावीकडे दाखवतो, आणि केबिनमध्ये बसून ते कळत नाही. ट्रेलर जोडला की हेल्परला मागे उभं करून एकेक दिवा बघा.

रोज निघताना लेन्स ओल्या फडक्याने पुसा. कुंभार्लीतून पावसात आलेल्या गाडीचे मागचे दिवे चिखलाने झाकतात. रिफ्लेक्टरची पट्टीही पुसा, मागे लाल, बाजूला पिवळी, पुढे पांढरी.

कृष्णाकाठ

अर्थचं तपासून घेतो, गाडी ताब्यात आली की पहिलं तेच. हेल्परचं कोणी सांगितलं नाही अजून.

बारा_टायर

हेल्परने जागं असणं हाच मोठा उपयोग. डावी बाजू त्याची. केबिनच्या डाव्या कोपऱ्यात खाली मोटारसायकल असली तर तुम्हाला दिसत नाही, त्याला दिसते. डावीकडे सरकण्याआधी त्याने खिडकीतून बघून "मोकळं" म्हणायचं, मग सरकायचं. गावातून जाताना हे प्रत्येक वेळी.

मागच्या गाड्यांना हात द्यायचं काम त्याला देऊ नका. तो डाव्या बाजूला बसतो, डावीकडच्या वळणापलीकडचं त्याला तुमच्याआधी दिसत नाही, आणि त्याचा डाव्या खिडकीतला हात मागचा माणूस आपल्या मनाने वाचतो.

रिव्हर्स घेताना आणि घाटात अडकल्यावर त्याला खाली उतरवा, पण गाडीच्या मागे मधोमध नाही. ड्रायव्हर साइडला, तुमच्या आरशात त्याचं तोंड दिसेल असं उभं करा. आरशातून तो गेला की गाडी थांबवायची, हे त्याला आधीच सांगून ठेवा. इंजिनाच्या आवाजात "येऊ दे" आणि "राहू दे" सारखंच ऐकू येतं, म्हणून हौद्यावर थाप ठरवा. एसटीच्या घंटीसारखीच ठेवा म्हणजे वेगळी शिकवावी लागत नाही: एक थाप थांब, दोन थापा चल. तुम्ही थांबलात की हॉर्न एकदा, निघताना दोनदा, म्हणजे मागे असताना त्यालाही कळेल.

रात्री त्याच्याकडे टॉर्च आणि रिफ्लेक्टरचं जाकीट पाहिजेच. गाडी बंद पडली तर त्रिकोण दोन पदरी रस्त्यावर मागे किमान ५० मीटर ठेवायला लावा. वळणापुढे बंद पडली असेल तर वळणाच्या अलीकडे, येणाऱ्याला आधी त्रिकोण दिसेल आणि मग गाडी, अशा जागी.